पानगळीच्या दिवसांत इथल्या जंगलातला उजेड असा वेगळा का दिसतो? (न्यू हॅम्पशायर, आई-बाबांना घेऊन जायचंय)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआला राहतो. यंदा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सांगलीहून आई-बाबा येतायत आणि त्यांना कँकामॅगस हायवेवर फॉल कलर्स दाखवायला न्यायचंय. हॉटेल कुठलं, जेवण कुठं, हे सगळं नेटवर मिळतं, माझा प्रश्न जरा वेगळाय.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर झालेत पण रोज सकाळी जलरंग घेऊन बसतातच. मी दरवर्षी त्यांना इथले फोटो पाठवते, तर ते रंगांबद्दल फार बोलतच नाहीत, त्यांचं एकच पालुपद, "अगं रंग कळले, तिथला उजेड कसा असतो ते सांग." आणि ते काही मला सांगता येत नाही. म्हणजे मला दिसतं सगळं, दुपारी तीन-साडेतीननंतर रस्त्यानं जाताना एखादं मेपल असं दिसतं की झाड आतून पेटलंय, आणि तेच झाड थोडं पुढं जाऊन मागं वळून बघितलं तर साधं विटकरी, जरा धुरकटच. पिवळ्या झाडांच्या रानात शिरलं की माणसांचे चेहरे, हातातला कॉफीचा कागदी कप, सगळ्यावर पिवळी झाक येते. आणि पाऊस पडून गेला की ऊन अजिबात नसताना सुद्धा रंग अंगावर येतात, हे तर मला कळतच नाही, कारण मग उन्हाचा संबंध काय राहिला?

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे हे नक्की कशामुळं होतं, बाबांना नीट समजावता येईल असं कुणीतरी सांगा. आणि दुसरं, बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, त्यामुळं जास्त करून गाडीतून आणि थांब्यांवरूनच बघायचंय, तर दिवसभरात कुठल्या वेळी कुठल्या बाजूला असावं? ज्यांनी हा रस्ता नीट बघितलाय त्यांनी प्लीज लिहा.

उजेडवेडा

ताई, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. पुढे जाऊन मागे वळून बघितलं तेव्हा झाड तेच होतं, सूर्य मात्र तुमच्या समोरून पाठीमागे गेला. सगळा खेळ तिथेच आहे.

ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल तर तुम्हाला पानाच्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड दिसतो. पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि तो चकाकतो, त्या चकाकीत आभाळाचा निळसर-पांढरा उजेड मिसळलेला असतो, त्यामुळे खालचा लाल रंग फिका पडतो. ऊन पानाच्या मागून येत असेल तर तुमच्यापर्यंत पोचतो तो पानाच्या आतून गाळून आलेला उजेड. मेपलचं पान अगदी पातळ असतं, उजेड आरपार जातो आणि जाताना पानातलं रंगद्रव्य बाकीचे रंग खाऊन टाकतं, उरतो निव्वळ लाल किंवा केशरी. चकाकी पलीकडच्या बाजूला राहते. एक पान उचलून सूर्यासमोर धरायला सांगा बाबांना, शिरांच्या कडेने अजून उरलेला हिरवा दिसेल, मधला भाग तांबडालाल दिसेल, आणि तेच पान उलट फिरून पाठीवर ऊन घेऊन बघितलं तर त्यातलं निम्मं दिसणार नाही.

आता रस्ता. कँकामॅगस म्हणजे रूट ११२, पश्चिमेला लिंकन आणि पूर्वेला कॉनवे, मध्ये साधारण ३५ मैल. वळणं आहेत पण एकूण रस्ता पूर्व-पश्चिम आहे हे लक्षात ठेवा, कारण बहुतेक लोक एका बाजूने घुसतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात आणि उन्हाचा विचारच करत नाहीत. तुम्ही नॅशुआहून येणार म्हणजे आय ९३ ने सरळ लिंकनलाच पोचाल. सकाळी लिंकनकडून कॉनवेकडे जा, तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे तुमच्या समोर आणि उजव्या हाताला. कॉनवेत जेवा, आराम करा, आणि दुपारी तीनच्या आसपास त्याच रस्त्याने परत लिंकनकडे निघा, आता सूर्य नैऋत्येला, परत समोर आणि जरा डावीकडे. दोन्ही वेळा झाडं तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये. त्याच रस्त्याने परत कशाला म्हणून घरचे कुरकुर करतील, करू देत, सकाळी ज्या झाडांची एक बाजू बघितली त्यांची दुसरी बाजू पेटलेली दिसते.

फक्त चालवणाऱ्याच्या डोळ्यावर ऊन येतं, त्यामुळे काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसा आणि गॉगल ठेवा. आणि लिंकनलाच गॅस भरून घ्या, पूर्ण रस्त्यावर एकही पंप नाही, मोबाईलला रेंजही जवळपास नसतेच. कोलंबस डेचा लाँग वीकेंड असेल तर ते तीन दिवस शक्यतो टाळाच, थांब्यांवर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि तुमचं सगळं वेळेवर अवलंबून आहे.

चहाबाज

दोन्ही वेळा सूर्याकडे तोंड करून जायचं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही नेहमी सकाळी कॉनवेकडून शिरतो. वाचतोय, अजून येऊ द्या.

आकाशकंदील

मी पुण्यात असतो, हौशी आकाशनिरीक्षक आहे, त्यामुळे झाडांचं मला फारसं कळत नाही पण सूर्याचं सांगू शकतो. बाबांना सांगलीचा उजेड माहिती आहे ना, तर तिथूनच सुरुवात करा.

कँकामॅगस ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १० ऑक्टोबरच्या सुमारास तिथे भर माध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या आसपास, सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३९-४० अंश वर असतो. जूनमध्ये तोच ६९ अंशांवर असतो. आणि त्याच १० ऑक्टोबरला सांगलीत माध्यान्हीचा सूर्य ६६-६७ अंशांवर. म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये ऊन डोक्यावर पडतं, तिकडे दिवसभर ते तिरकंच असतं. दुपारी साडेतीनला तर सूर्य २५ अंशांवर आलेला असतो आणि सावल्या उंचीच्या दुप्पट झालेल्या असतात. जंगलाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की उन्हाळ्यात ऊन झाडांच्या शेंड्यांवर पडून तिथेच संपतं, ऑक्टोबरमध्ये मात्र ते बाजूने आत शिरतं, खोडांवर, खालच्या झुडपांवर, फांद्यांच्या पोटाखालून. ताईंना जो मागून येणारा उजेड दिसतो तो दिवसभर मिळण्याचं कारण हेच, जूनमध्ये त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल.

दुसरी गोष्ट रंगाची. सूर्य डोक्यावर असताना उन्हाला हवेचा जेवढा थर ओलांडावा लागतो त्याच्या दुप्पट थर तो ३० अंशांवर असताना लागतो, आणि १० अंशांवर असताना साडेपाच पट. हवेचे रेणू निळा उजेड इकडेतिकडे विखुरतात, त्यामुळे जितकी जास्त हवा तितकं ऊन पिवळं, मग केशरी. आणि तो विखुरलेला निळा जातो कुठे, तर आभाळात, आणि आभाळातून सावल्यांमध्ये. चित्रकाराला हे सांगायची गरज नाही म्हणा, पण तिथल्या निरभ्र दिवशी सावल्या खरोखर निळ्या असतात आणि त्यांच्या शेजारी केशरी ऊन असतं, म्हणून दोन्ही जास्त उठून दिसतात.

तिसरं म्हणजे वेळ. आपल्याकडे सूर्य उभाच्या उभा खाली जातो, तिकडे तिरका घसरत जातो. सूर्य ६ अंशांवरून मावळेपर्यंत सांगली-पुण्याकडे सुमारे २५ मिनिटं लागतात, न्यू हॅम्पशायरमध्ये त्याच दिवशी सुमारे ३४. सोनेरी उजेड नऊ-दहा मिनिटं जास्त, हे ज्याला चित्र काढायचंय त्याच्यासाठी खूप झालं. अर्थात दरीत डोंगर आडवे येतात, तिथे सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी जातो, तेव्हा शेवटचा उजेड बघायचा तर उंचावर थांबा.

आणि हवा. थंड वारे कॅनडाकडून खाली उतरले की दमटपणा जातो, धुरकटपणा जातो, लांबचा डोंगर सुद्धा स्पष्ट दिसतो. आपल्याकडे पाऊस परतल्यावर जी धुतलेली हवा असते आणि कोजागिरीचं चांदणं जसं लख्ख पडतं, त्याच जातीची स्वच्छता. तेव्हा हवामान बघून थंडी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी निघता आलं तर बघा.

पर्णिका

वा, मस्त धागा. मी वनस्पतीशास्त्रवाली, मॅसॅच्युसेट्समध्ये असते. उजेडाबद्दल वर छान आलंय, पण पानात काय चाललंय ते कळल्याशिवाय पूर्ण होणार नाही.

उन्हाळाभर पानात हरितद्रव्य असतं, ते लाल आणि निळा उजेड शोषून घेतं, हिरवा सोडून देतं. त्याच पानात पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड्स सुद्धा आधीपासूनच असतात, फक्त हिरव्याखाली दबलेली. दिवस लहान झाले, थंडी सुरू झाली की झाड हरितद्रव्य मोडतं, पानातला नायट्रोजन खोडाकडे परत घेतं आणि पिवळा उघडा पडतो. बर्च, ॲस्पन यांचा पिवळा तो हाच. लाल मात्र नवीन तयार होतो. अँथोसायनिन नावाचं द्रव्य, ते पान साखरेपासून शेवटच्या काही आठवड्यांत बनवतं, आणि त्यासाठी दिवसा भरपूर ऊन आणि रात्री थंडी लागते, पण गोठवणारी नको. म्हणून एकाच मेपलची उन्हाकडची फांदी लालभडक आणि सावलीतली पिवळी राहिलेली दिसते. म्हणजे बघा, उजेड पानावर पडून रंग दाखवतो हे तर आहेच, पण तो लाल रंग मुळात तयारही उजेडामुळेच झालेला असतो. मला स्वतःला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

बाबांना हे परकं वाटणार नाही. आंब्याची कोवळी तांबूस पालवी, पिंपळाची गुलाबी पालवी, त्यातही अँथोसायनिनच असतं. तिकडे पान जन्मताना लाल असतं, इकडे जाताना.

पिवळ्या रानात चेहरे पिवळे दिसतात तो भास नाही. वरचं सगळं छत पिवळं असतं, त्यातून गाळून खाली येणारा उजेड खरंच पिवळा असतो, आणि खाली पडलेल्या पानांवरून उसळून परत वर येतो तोही पिवळाच. हनुवटीखाली, नाकपुडीच्या कडेला, जिथे एरवी सावली असते तिथे तो पिवळा जास्त दिसतो. आईला एखाद्या बर्चखाली पांढरी ओढणी घेऊन उभं करा आणि बाबांना फक्त ओढणीकडे बघायला सांगा.

आता ढगाळ दिवसाचं. उजेडवेडा, तुमचं मागून येणारं ऊन मान्य, पण माझ्या मते या जंगलाचा खरा रंग बघायचा तर पाऊस थांबल्यानंतरचा ढगाळ तास. ढग असले की उजेड सगळ्या आभाळातून सारखा येतो, कडक सावल्या नसतात, त्यामुळे आतपर्यंतच्या फांद्या दिसतात. पान ओलं झालं की पाण्याचा पातळ थर पानावरची बारीक खडबड भरून काढतो, मग पृष्ठभागावरून चहूकडे विखुरणारा पांढरट उजेड कमी होतो आणि रंग गडद होतो. शिवाय खोडं भिजून काळी पडतात आणि काळ्यावर पिवळा किती उठतो ते सांगायला नको. ताई, ऊन नसताना रंग अंगावर का येतात, त्याचं उत्तर हे.

उजेडवेडा

पर्णिका, ढगाळ दिवसाचा रंग गडद असतो यात वादच नाही, धबधब्याजवळ, ओढ्याकाठी तर मला ढगच हवे असतात. पण बाबांचा प्रश्न उजेड कसा असतो हा आहे. ढगाळ दिवशी उजेड दिसत नाही, फक्त रंग दिसतो. ऊन पानातून येतं तेव्हाच उजेड स्वतः दिसतो. एकच दिवस हातात असेल तर मी ऊन असलेलाच दिवस निवडेन.

पर्णिका

ऊन असेल तर दुपारच्या वेळी, म्हणजे अकरा ते दोन, त्यांना ओढ्याकाठच्या सावलीत न्या, हे तरी मान्य करा. स्विफ्ट नदीवर रॉकी गॉर्ज आहे, पार्किंगपासून पूल अगदी जवळ, गुडघ्यांना त्रास नाही. समोरच्या काठावरच्या उन्हातल्या झाडांचं प्रतिबिंब सावलीतल्या पाण्यात पडतं तेव्हा पाणी तांब्याच्या रंगाचं दिसतं, आणि मधल्या खडकांवर आभाळाचा निळा. दुपारचा तोच सगळ्यात चांगला उपयोग.

उजेडवेडा

हे मान्य. शंभर टक्के. साबाडे फॉल्सची वाट पण लहान आणि चांगली बांधलेली आहे, पण थोडा चढ आहे, बाबांचा अंदाज घेऊन ठरवा. आणि परतताना शुगर हिल ओव्हरलुकला थांबा, गाडीतून उतरलं की समोर सगळं रान पसरलेलं दिसतं. मधली खिंड सुमारे ८७० मीटरवर आहे, तिथे रंग आधी येतो आणि आधीच झडतो, मग तो खाली कॉनवेकडे उतरत जातो. त्यामुळे वर झाडं उघडी दिसली तर निराश होऊ नका, खाली अजून भर असेल.

फौजी वहिनी

ज्यांना अमेरिकेत जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी लिहिते. मिस्टरांच्या पोस्टिंगमुळे आम्ही श्रीनगरला होतो, आणि हा उजेड मी चिनारांमध्ये बघितलाय. काश्मीर विद्यापीठाच्या आवारात, हजरतबलजवळ नसीम बाग आहे, मुघलांच्या काळापासूनचे चिनार, एकेकाचं खोड तीन-चार माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं पिवळी, मग तांबूस, मग गंजासारखी होतात. खाली पानांचा थर इतका की चालताना आवाजानेच बोलणं थांबतं. सकाळी धुकं असतं, दलच्या बाजूने ऊन यायला लागलं की ते धुक्यातून पट्ट्या-पट्ट्यांनी खाली येतं, आणि दुपारी चारनंतर सगळी बाग तांबडी होते. आकाशकंदील, तिथल्या सूर्याचं पण सांगा ना, मला कायम वाटायचं की दिल्लीत नोव्हेंबरात असं ऊन नसतं.

आकाशकंदील

वहिनी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. श्रीनगर ३४ अंशांवर, ५ नोव्हेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य बरोबर ४० अंशांच्या आसपास. म्हणजे कँकामॅगसला १० ऑक्टोबरला जी उंची असते तीच. अक्षांश दहा अंशांनी कमी पण तारीख जवळपास महिनाभर पुढची, हिशोब जुळतो. दिल्लीत त्या वेळी सूर्य पाच-सहा अंशांनी वर असतोच, पण मुख्य फरक हवेचा. दिल्लीच्या नोव्हेंबरच्या हवेत धूर आणि धूळ इतकी असते की ऊन पिवळं होतं पण मातकट होतं, सावल्या निळ्या राहत नाहीत.

अजून एक, सूर्य मावळल्यावर थांबायचं की नाही यासाठी. अंधारात आपला डोळा बदलतो. कमी उजेडात ज्या पेशी काम करतात त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा जास्त दिसतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये हे फुलांवरून टिपलं होतं, दिवसा झळझळीत असणारी लाल फुलं पहाटेच्या अंधूक उजेडात काळपट दिसायची. त्यामुळे सूर्य गेला की लाल मेपल आधी विझतं, पिवळं बर्च नंतर बराच वेळ दिसत राहतं. लाल बघायचा असेल तर संधिप्रकाशाची वाट बघू नका.

झाडवेडा कोल्हापूर

आपल्या बाजूचं पण लिहितो, कारण बाबा सांगलीचे. सह्याद्रीत ऑक्टोबरमध्ये रान हिरवंच असतं, पिवळं होतं ते पठारावरचं गवत. खरी पानगळ शिशिरात, आणि लाल बघायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसुमाची नवी पालवी, आंबा घाटाच्या बाजूला सगळ्या हिरव्या-करड्या रानात एखादंच कुसुम लालभडक उभं असतं. पण मार्चअखेर आपल्याकडे माध्यान्हीचं ऊन जवळजवळ माथ्यावर, दहा वाजल्यानंतर ते झाड चपटं दिसायला लागतं. म्हणून आम्ही कुसुम बघायला सकाळी सात-साडेसातला पोचतो, तेवढा तास-दीड तास ऊन पालवीतून आरपार येतं. उजेडवेडांनी जे मेपलचं सांगितलं ते कुसुमाला तंतोतंत लागू आहे. बाबांनी कुसुम नक्की बघितलं असणार, त्यांना म्हणावं तिकडे कुसुमाची सकाळ दिवसभर असते.

कृष्णाकाठची

किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. बाबांना फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, कुसुमाचं ऐकल्यावर ते एकदम बोलायला लागले, चांदोलीकडं शाळेची सहल न्यायचे तेव्हाचं. आणि त्यांचा लगेच पुढचा प्रश्न आला, तो असा की हा पानातून येणारा उजेड जलरंगात आणायचा कसा, कारण लाल जाड लावला की मेल्यासारखा दिसतो आणि पातळ लावला की फिका. कुणी जलरंगात काम करत असेल तर सांगा. आणि माझा एक, फोनवर फोटो काढला की ती सगळी सोनेरी झाक गायब होते, असं का?

उजेडवेडा

फोनचं आधी सांगतो. फोन आपोआप व्हाइट बॅलन्स करतो, म्हणजे उजेड पिवळा दिसला की त्याला वाटतं हे चुकलंय आणि तो त्यात निळा घालून पांढरं करून टाकतो. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स डेलाइटवर किंवा ५२००-५५०० केल्विनच्या आसपास पक्का करून ठेवा, संध्याकाळचा पिवळेपणा तसाच राहील. दुसरं, लाल रंग लवकर फुटतो, म्हणजे फोटोत नुसता सपाट लाल डाग येतो, शिरा दिसत नाहीत. स्क्रीनवर पानावर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. आणि ओल्या पानांची चकाकी घालवायची असेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात चकाकी गायब होते आणि खालचा रंग वर येतो. खरं तर बाबांना तो गॉगल नुसताच घालून डोकं जरा तिरकं करून बघायला सांगा, त्यांना लगेच कळेल काय होतंय ते.

पाणरंग

नमस्कार, मी जलरंगात निसर्गचित्रं करतो. काकांना माझा नमस्कार सांगा.

त्यांचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. जलरंग या कामासाठी तेलरंगापेक्षा जवळचा, कारण पारदर्शक रंगातून उजेड कागदापर्यंत जातो आणि कागदाच्या पांढऱ्यावरून त्याच रंगातून परत येतो. पानात जे होतं तेच. त्यामुळे पहिला नियम, त्या झाडात पांढरा रंग अजिबात मिसळायचा नाही, मिसळला की उजेड वरच्या वर अडतो. दुसरं, लाल एकदम लावायचा नाही. आधी गँबोजचा, म्हणजे पिवळ्याचा, स्वच्छ पातळ वॉश (पाणी जास्त घालून दिलेला हात), तो पूर्ण वाळू द्यायचा, हाताच्या मागच्या बाजूने कागद गार लागतोय का बघायचं, गार लागला म्हणजे आत अजून ओल आहे. मग वरून क्रिमसनचा पातळ हात, तोही सगळीकडे नाही, फांदीच्या सावलीच्या बाजूला जास्त आणि उन्हाच्या कडेला जवळजवळ नाहीच. खालचा पिवळा वर येतो आणि लाल जिवंत होतो. जाड लाल मेल्यासारखा दिसतो कारण खालचा कागद बंद होतो.

पण खरा उजेड शेजारच्या अंधारातून येतो. त्या रानात मेपलच्या मागे स्प्रूस आणि हेमलॉक असतात, गडद हिरवे, सावलीत जवळजवळ काळे-निळे. मेपलची उन्हातली कड जिथे आहे बरोबर तिथेच त्यांचा सगळ्यात गडद भाग आला पाहिजे. तयार काळा वापरू नका, निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करा, म्हणजे आकाशकंदीलांनी सांगितलेली निळी सावली त्यात राहते.

एक गोष्ट काकांना आवडेल. जॅस्पर क्रॉप्सी नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८६० मध्ये लंडनमध्ये राहून हडसन नदीच्या खोऱ्यातल्या शरदाचं भलं मोठं तैलचित्र काढलं. तिथल्या लोकांना एवढा लाल-केशरी खरा असू शकतो हेच पटेना, तेव्हा त्याने अमेरिकेतून मागवलेली खरी पानं चित्राशेजारी लावून ठेवली. ते चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि नीट बघा, त्याने सूर्य समोर ठेवलाय, ढगांआडून किरणं आपल्याकडे येतायत. पानं दाखवून रंगाची खात्री पटली असेल, पण चित्र उभं राहतं ते समोरच्या सूर्यावर.

शेवटचं, अगदी व्यवहारातलं. सांगलीत वॉश पाच मिनिटांत वाळतो, तिकडे ऑक्टोबरच्या सकाळी ओढ्याकाठी तो वाळता वाळत नाही. पर्णिका म्हणतात त्या रॉकी गॉर्जला दुपारी बसणार असाल तर एकाच वेळी दोन छोटे कागद सुरू करायला सांगा, एक वाळेपर्यंत दुसरा. आणि रंग जागेवर पूर्ण करायचा हट्ट नको, जागेवर फक्त ऊन कुठून येतंय, कड कुठे आहे आणि सगळ्यात गडद काय, एवढं टिपून घ्यायचं.

कृष्णाकाठची

पाणरंग, बाबांनी हे दोनदा वाचायला लावलं. कागद गार लागतो का ते हाताच्या पाठीनं बघायचं हे ते पण मुलांना असंच शिकवायचे म्हणे. प्लॅन पक्का, पहाटे निघून सकाळी लिंकनकडून आत, दुपारी रॉकी गॉर्जला बसायचं, तीनला कॉनवेकडून परत. लाँग वीकेंड सोडून मधल्या वारी सुट्टी टाकलीय. हवामान आठ दिवस आधीपासून बघत राहीन आणि थंडी येऊन गेल्यावर दिवस नक्की करेन. पर्णिका, आईनं पांढरी ओढणी बॅगेत टाकलीय.

पर्णिका

झकास. एक राहिलं, शुगर मेपल आणि रेड मेपल दोन्ही दिसतील. शुगर मेपलच्या पानाची कड गुळगुळीत आणि पाकळ्यांमधली खाच गोल असते, रेड मेपलची कड बारीक दातेरी आणि खाच टोकदार. शुगर मेपलमध्ये पिवळा, केशरी, लाल एकाच झाडावर असतात, त्यामुळे उजेड आरपार आला की तेच जास्त खुलतं. काकांना पहिल्या थांब्यावर दोन्ही पानं हातात द्या आणि सूर्याकडे धरून फरक बघू द्या.